घरातलं एकमेव मत

पत्राचा गोषवारा: कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातून एका आईनं लिहिलं आहे. नवरा-बायको दोघंही मूळचे पुण्याचे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत कैक वर्षं उभा. थोरला मुलगा पुण्यात जन्मला. तो आता एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात जातो आणि वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर आहे. धाकटी मुलगी अमेरिकेत जन्मली, म्हणून नागरिक. ती ओकलंडच्या सरकारी हायस्कुलात अकरावीत आहे. तिथं सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना मत देता येतं आणि तिला नाव नोंदवायचं आहे. वडील म्हणतात, "घरात एकच मत आहे, ते कुणाला द्यायचं हे सगळे बसून ठरवू." मुलगी म्हणते, "बाबा, ते मत घराचं नाही, माझं आहे." हा विषय निघाला की थोरला जेवण अर्धवट टाकून खोलीत निघून जातो. आईला वाटतं, हे वय अभ्यासाचं. मैत्रिणी सांगतील त्याला पोर मत देऊन येईल. आणि व्हिसावर दिवस काढणाऱ्या माणसांनी राजकारणाच्या वाटेला जावंच कशाला? "दोन वर्षं थांब, अठरावं लागलं की बघू, असं सांगू का तिला?" असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

नका सांगू. तिला नाव नोंदवू द्या. पण तुमच्या पत्रात या एका प्रश्नाच्या पोटात आणखी तीन-चार प्रश्न आहेत, आणि ते सोडवल्याशिवाय माझं हे "नका सांगू" तुमच्या घरात टिकणार नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी व्हिसाची भीती, कारण तुमची झोप उडवणारी गोष्ट तीच आहे. मुलगी नागरिक आहे. नोंदणी करताना तिला तिच्या स्वतःच्या नागरिकत्वाविषयी विचारतात, आईवडील कुठल्या व्हिसावर आहेत हे विचारत नाहीत. तिनं मत देणं हा तिचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यामुळे तुमच्या अर्जाला काही बाधा येत नाही. भीती बाळगायचीच तर ती उलट्या बाजूनं बाळगा: घरातल्या नागरिक नसलेल्या माणसाकडून चुकूनसुद्धा मतदार नोंदणी होता कामा नये. "मी नागरिक आहे" असं खोटं किंवा गैरसमजातून लिहून देणं हा अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात फार मोठा गुन्हा मानला जातो, ग्रीन कार्डाची वाट त्यानं कायमची बंद होऊ शकते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज भराल तेव्हाही "कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, मत दिलं होतं का" हा प्रश्न त्यात असतोच.

इथं एक खुलासा हवा. कुणीतरी तुम्हाला सांगेल की सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेले पालकही शाळा मंडळाला मत देतात. खरं आहे; तिथल्या मतदारांनी २०१६ मध्ये तसा कौल दिला आणि २०१८ पासून ते सुरू झालं. ओकलंडच्या मतदारांनीही २०२२ मध्ये त्याच दिशेनं कौल दिला. पण सॅन फ्रान्सिस्कोचं शहर प्रशासन स्वतःच अशा पालकांना सावध करतं की ही माहिती इमिग्रेशन खात्याच्या हाती पडू शकते. तुमच्यासारख्या रांगेतल्या कुटुंबानं, कुठल्याही शहरात असो, आपल्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या नोंदणीच्या फॉर्मला हात लावू नये. लेकीचं मत वेगळं आणि तुमचं वेगळं, हे या बाबतीत अगदी काटेकोर पाळा.

आता वयाचं बघू. ही टूम कालपरवाची नाही. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्क या छोट्या शहरानं २०१३ मध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी वय सोळावर आणलं. तुमच्या शेजारच्या बर्कलीनं २०१६ मध्ये आणि ओकलंडनं २०२० मध्ये फक्त शाळा मंडळापुरता तसा कौल दिला. प्रत्यक्षात मुलांच्या हाती मतपत्रिका पडायला मात्र दोन्हीकडे नोव्हेंबर २०२४ उजाडावं लागलं. म्हणजे बर्कलीत ज्या मुलांनी यासाठी आटापिटा केला त्यांना मत द्यायला मिळालंच नाही; आठ वर्षांत ती कॉलेज संपवून नोकरीला लागली. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कनं २०२४ मध्ये ठराव केला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये मुलांनी मतं दिली. सगळीकडे लोकांना हे पटलं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोनं नगरपालिकेच्या सगळ्याच निवडणुकांसाठी असा प्रस्ताव २०१६ आणि २०२० मध्ये दोनदा फेटाळला, आणि लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत २०२२ मध्ये तो अवघ्या सोळा मतांनी पडला. तुमच्या मनात जी घालमेल आहे ती तिथल्या निम्म्या मतदारांच्याही मनात होती.

"सोळाव्या वर्षी काय कळतं?" हा प्रश्न मी टाळणार नाही. किशोरवयीन मेंदूवर लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. त्यातून एक फरक स्पष्ट झाला. भरात, घाईत, चार मित्र बघत असताना घ्यायचे निर्णय या वयातली मुलं मोठ्यांपेक्षा वाईट घेतात. पण माहिती घेऊन, वेळ घेऊन, थंड डोक्यानं विचार करायचा असेल तर साधारण सोळाव्या वर्षापर्यंत ती क्षमता मोठ्यांच्या जवळ पोहोचलेली असते. आता कॅलिफोर्नियातलं मतदान कसं होतं ते आठवा. मतपत्रिका मतदानाच्या जवळजवळ महिनाभर आधी टपालानं घरी येते. ती उघडायची, वाचायची, टेबलावर ठेवायची, पुन्हा वाचायची, भरायची आणि पेटीत टाकायची. याच्याइतका निवांत निर्णय या वयातल्या मुलांच्या वाट्याला दुसरा क्वचितच येतो. मित्रांना गाडीत बसवून रात्री फ्रीवेवर नेण्याची परवानगी मागत असती तर मी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते.

आणि आपणही यातून गेलो आहोत. भारतात मतदानाचं वय एकवीस होतं. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं १९८९ मध्ये ते अठरावर आलं. अठरा-एकोणीसच्या पोरांना काय कळतं, असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती. आज तुम्ही लेकीला "अठरा होऊ दे" म्हणता तेव्हा अठरा हा आकडा तुम्हाला निसर्गानं नेमून दिल्यासारखा वाटतो. तुमच्या आधीच्या पिढीला तो फार लवकरचा वाटला होता.

तरी शाळा मंडळ ही गोष्ट वेगळी का, ते सांगते. अमेरिकेत शाळांचा कारभार बहुतांश ठिकाणी निवडून आलेल्या मंडळाकडे असतो. ओकलंडमध्ये सात सदस्य आहेत, प्रत्येक आपापल्या विभागातून चार वर्षांसाठी निवडून येतो. सुपरिंटेंडेंट म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी नेमणं, शिक्षकांचे करार मंजूर करणं, पैसा कुठं घालायचा आणि कुठं कापायचा, कुठली शाळा चालू ठेवायची, हे सगळं तिथं ठरतं. २००३ मध्ये हा कारभार इतका कर्जात बुडाला होता की राज्य सरकारनं दहा कोटी डॉलरचं कर्ज देऊन तो स्वतःच्या ताब्यात घेतला. २०२२ च्या फेब्रुवारीत मंडळानं काही शाळा बंद करायचं, काही एकत्र करायचं ठरवलं. एका शाळेत दोन शिक्षक उपोषणाला बसले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निवडणूक झाली, मंडळाचा तोल बदलला, आणि २०२३ च्या जानेवारीत उरलेल्या पाच शाळा बंद करण्याचा निर्णय मागे घेतला गेला. मधल्या काळात काही मुलांची शाळा बदलूनही झाली होती. हे निर्णय ज्यांच्या अंगावर येऊन पडतात त्या मुलांचे दोन प्रतिनिधी मंडळात बसतात, बोलतात, पण त्यांचं मत ठरावाच्या मोजणीत धरत नाहीत. शाळेतलं कुठलं स्वच्छतागृह कुलूपबंद असतं, गणिताला वर्षभर बदली शिक्षक कसे येऊन गेले, समुपदेशकाची वेळ मिळायला किती दिवस लागतात, हे तुमच्या लेकीला त्या सातही जणांपेक्षा जास्त माहीत आहे. राष्ट्राध्यक्ष निवडण्याचं वय सोळा करावं का, असं कुणी विचारलं तर मी अजून विचार करेन. शाळा मंडळाबाबत मला शंका नाही.

मैत्रिणींच्या नादाची भीती? स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत होतं. तेव्हा अभ्यासकांना दिसलं की यातल्या पुष्कळ मुलांचं मत आईवडिलांपेक्षा वेगळं होतं, घरात बोलणं होऊनही. ऑस्ट्रियात २००७ पासून सगळ्या निवडणुकांत वय सोळा आहे. तिथल्या पाहणीत या मुलांनी निवडलेले पक्ष त्यांच्या स्वतःच्या विचारांशी मोठ्यांइतकेच जुळत होते. मैत्रिणींचा परिणाम होणारच. तो पंचेचाळीशीतल्या माणसांवर व्हॉट्सॲपच्या गटांमधून रोज होतो.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. हक्क दिला म्हणजे मुलं आपोआप येतील, असं होत नाही. टाकोमा पार्कमध्ये पहिल्या निवडणुकीत नाव नोंदवलेल्या मुलांचं मतदान एकूण मतदारांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त झालं, पण न्यूअर्कमध्ये नोंदणी केलेल्यांतल्या फारच थोड्यांनी प्रत्यक्ष मत दिलं. शाळेनं समजावलं, घरानं रस घेतला, तर मुलं येतात. म्हणून तुमच्या घरातलं वातावरण महत्त्वाचं आहे, आणि तिथं आपण आपल्या खऱ्या गाठीपाशी येतो.

तुमच्या यजमानांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "घरात एकच मत आहे." मला त्यात हुकूम ऐकू आला नाही, मला त्यात कळ ऐकू आली. इतकी वर्षं पगारातून कर कापला जातो, मुलं इथल्या शाळेत शिकतात, आणि कुणी विचारत नाही की तुम्हाला काय वाटतं. आता घरात पहिल्यांदा एक मतपत्रिका येणार, तर त्या माणसाला वाटणारच की यात माझाही वाटा असावा. त्यांना रागावू नका. पण त्यांच्या म्हणण्यातली गफलत त्यांना शांतपणे दाखवा. गुप्त मतदानाचा हक्क मुलीला मिळाला आहे, कुटुंबाला नाही. पूर्वी आपल्याकडे घरातला कर्ता पुरुष सगळ्या बायकांना सांगायचा, अमुक चिन्हावर शिक्का मारा; बायका मान हलवायच्या आणि आत जाऊन कधी तसं करायच्या, कधी नाही. तुमची लेक तोंडावर सांगते आहे की हे माझं मत आहे. या उघडपणाचा मान राखला तर ती तुमच्याशी बोलत राहील. नाही राखला तर तीही मान हलवायला शिकेल.

आणि दुसरं, "एकच मत आहे" हे मुळातच पुरतं खरं नाही. कॅलिफोर्नियात मंडळाच्या सभा सार्वजनिक असतात आणि कुणालाही, व्हिसा कुठलाही असो, ठरलेल्या वेळात उभं राहून बोलता येतं. तुमच्या लेकीच्या शाळेत साइट कौन्सिल, म्हणजे शाळेची स्वतःची परिषद, असेल, बहुतेक सरकारी शाळांत असते. हायस्कुलात तिची अर्धी जागा कर्मचाऱ्यांची, उरलेल्या अर्ध्यात पालक आणि विद्यार्थी समसमान. पालक आपले प्रतिनिधी पालकांमधून निवडतात, आणि त्यात नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. शाळेचा वर्षाचा आराखडा आणि त्याला जोडलेला खर्च या कौन्सिलपुढे येतो. शिवाय राज्याच्या २०१३ च्या निधी-पद्धतीमुळे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे शालेय जिल्ह्याला, तीन वर्षांचा आराखडा करावा लागतो आणि त्यासाठी पालकांची सल्लागार समिती असावी लागते. म्हणजे तुमच्या यजमानांना उभं राहायला, मत द्यायला, आकड्यांवर वाद घालायला जागा आहे. त्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळेच्या कार्यालयात पाठवा आणि साइट कौन्सिलची निवड कधी आहे ते विचारून यायला सांगा. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, तरी किती गावांत पालक नुसत्या सह्या करून घरी जातात. ही संधी त्यांनी तशी घालवू नये.

घरात बोलताना एक पथ्य पाळलंत तर बरंच सोपं होईल: उमेदवाराचं नाव तुम्ही काढायचं नाही, ती स्वतःहून सांगेपर्यंत विचारायचंही नाही. प्रश्नांवर मात्र मनसोक्त बोला. पैसा कमी पडला तर कमी मुलांच्या शाळा चालू ठेवाव्यात का? पोलीस शाळेत असावेत का? ओकलंडच्या मंडळानं २०२० मध्ये शाळांचं स्वतंत्र पोलीस खातं बंद केलं, त्यावर तिचं काय म्हणणं आहे, तुमचं काय? तुम्ही दोघं जिथं शिकलात त्या शाळेत काय होतं, काय नव्हतं, हेही सांगा. तुम्हाला माहीत असलेल्या पुष्कळ गोष्टी तिला माहीत नाहीत. त्या सांगणं म्हणजे दबाव नव्हे. दबाव कुठं सुरू होतो हे तुम्हा दोघांनाही नीट कळतं.

आता नोंदणीच्या चार गोष्टी, तुमच्यासारख्या इतर घरांनाही उपयोगी पडतील म्हणून.

तुमचं घर कोणत्या विभागात येतं ते आधी बघा. ओकलंडमध्ये २०२४ ला १, ३, ५ आणि ७ या विभागांत निवडणूक झाली. २, ४ आणि ६ ची पाळी २०२६ मध्ये. तुमचा विभाग त्यात नसेल तर या खेपेला तिला मत देता येणार नाही, आणि हे तिला आधी कळलेलं बरं. बर्कलीत विभाग नाहीत, सगळं शहर मिळून मत देतं. नोंदणी अलामेडा काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडे करायची, आणि तिच्या मतपत्रिकेवर शाळा मंडळाची निवडणूक सोडून दुसरं काही नसेल. कॅलिफोर्नियात सोळाव्या वर्षापासून पूर्वनोंदणीही करता येते, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण होताच ती आपोआप पूर्ण मतदार होते.

सहीकडे लक्ष द्या. टपालानं आलेल्या मतपत्रिकेच्या लिफाफ्यावरची सही नोंदणीच्या सहीशी ताडून बघतात, आणि तरुण मतदारांच्या सह्या न जुळण्याचं प्रमाण जास्त असतं. आपली सही दहावीच्या हॉल तिकिटापासून ठरून गेली. या मुलांनी कागदावर सही अशी फारशी केलेलीच नसते. तिला वहीत दहा-वीस वेळा करून एक सही पक्की करायला सांगा आणि फॉर्मवर तीच करायला लावा. न जुळल्यास कार्यालय कळवतं आणि दुरुस्तीची संधी देतं, पण ते पत्र जाहिरातींच्या टपालात हरवू देऊ नका.

ओकलंडमध्ये पसंतीक्रमानं मत देतात: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. पहिला रकाना रिकामा ठेवू नको, असं तिला आवर्जून सांगा. २०२२ मध्ये चौथ्या विभागात नेमका याच बाबतीत मोजणीचा घोळ झाला. पहिली पसंती कोरी ठेवलेल्या मतपत्रिका यंत्रानं चुकीच्या पद्धतीनं धरल्या, एक उमेदवार विजयी म्हणून जाहीरही झाला, आणि नंतर लक्षात आलं की जिंकलं दुसरंच कुणीतरी. प्रकरण कोर्टात गेलं. मूठभर मतपत्रिकांनी निकाल फिरतो, हे तिला या गोष्टीवरून कुणी न शिकवता कळेल.

आणि थोरला. पत्रात त्याच्या उठून जाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. एकाच घरात, एकाच शाळेत शिकलेली दोन भावंडं. एकीला सोळाव्या वर्षी मत, आणि त्याला एकोणिसाव्या वर्षीही नाही. वर एकविसाव्या वर्षी एच-४ संपणार ही टांगती तलवार. तो ताटावरून उठतो याचं मला नवल वाटत नाही. त्याला "तुझ्याही वाट्याला येईल" असं खोटं सांत्वन देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. त्याचा विषय निवडणुकीच्या गप्पांपासून वेगळा काढा. एक संध्याकाळ फक्त त्याच्याशी त्याच्या व्हिसाबद्दल बोला: वकील काय म्हणाले, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कधी जायचं, कागद कुठं अडलेत. तुम्ही दोघं हे त्याच्यापासून लपवत असाल तर थांबवा. त्याला सगळं आधीच माहीत असतं, फक्त बोलायला कुणी नसतं. मग कधीतरी बहिणीनं स्वतः त्याला विचारू दे की दादा, तू चार वर्षं त्या शाळेत होतास, तू काय बदललं असतंस? तो बोलेल किंवा नाही बोलणार. आग्रह करू नका.

त्याच्यासाठी एक सावधगिरीची सूचना, आणि ती आजच त्याच्या कानावर घाला. कॅलिफोर्नियात ड्रायव्हिंग लायसन्सच्या खात्यात अर्ज करताना मतदार नोंदणीही सोबत होते. ही पद्धत २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा सुमारे दीड हजार लोकांची नोंदणी चुकून झाली, आणि त्यात नागरिक नसलेलेही होते. लायसन्सचं नूतनीकरण करताना स्क्रीनवर नागरिकत्वाचा प्रश्न येईल, तिथं त्यानं स्पष्ट "नाही" म्हणायचं, मागे रांग कितीही लांब असो, आणि निघण्यापूर्वी हातात आलेला कागद वाचायचा. त्यावर मतदार नोंदणीचा उल्लेख दिसला तर तिथंच थांबून ती नोंदणी रद्द करून घ्यायची, लेखी पोच घ्यायची आणि त्याच दिवशी वकिलाला फोन करायचा.